जादा फिल्टर

दिव्यश्रीच्या वडिलांना पहिल्यांदा भेटायला क्षितिज इस्त्रीचा शर्ट घालून गेला, आणि पुढच्याच रविवारी त्याच शर्टात त्यांच्या डिझेल पिकअपखाली उताणा पडलेला होता. या दोन घटनांच्या मध्ये फार काही घडलं नव्हतं. फक्त एक शब्द घडला होता आणि तो त्यानेच उच्चारला होता.

"करता काय तुम्ही?" जयसिंगरावांनी विचारलं होतं.

"विमानांच्या इंधनप्रणालीवर काम करतो, काका."

"काका नको. अण्णा म्हणा. इंधन म्हणजे पेट्रोल, डिझेल, तेच अल्वा?" 'नाही का' ऐवजी ते 'अल्वा' म्हणत.

"तेच."

हे खोटं नव्हतं. बंगळुरूतल्या एका सरकारी संशोधन संस्थेत क्षितिज इंधनाच्या प्रवाहाची गणितं करत असे. पण त्याने आजवर पाहिलेलं सगळं इंधन संगणकाच्या पडद्यावर होतं. ते निळं असे आणि त्याला वास नसे. हातात पाना त्याने शेवटचा धरला होता तो शाळेत, सायकलची घंटी घट्ट करायला, आणि ती घंटी त्यानंतर वाजली नव्हती.

जयसिंगरावांनी मात्र खुर्ची पुढे ओढली. चामराजपेटेत त्यांचा लग्नाच्या स्वयंपाकाचा धंदा होता. घराणं शहाजीराजांच्या वेळेला इकडे आलेलं. क्षितिज दोन वर्षांपूर्वी आला होता, स्लीपर बसने.

"आमची गाडी चालता चालता मधेच बंद पडते," जयसिंगराव म्हणाले. "मेकॅनिक म्हणतो, डिझेलमध्ये पाणी. पाणी म्हणजे पंपवाला घालणार, आणखी कोण? आठ दिशांचे पंप बदलून झाले. सगळे चोर. एकाची तर मी कॉलर धरली. काय उपाय तुमच्या विमानात?"

"जादा फिल्टर बसवायचा," क्षितिज म्हणाला. काहीतरी म्हणणं भाग होतं. "टाकी आणि मूळ फिल्टरच्या मधे. पाणी तिथेच अडकतं."

"येतं तुम्हाला बसवायला?"

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली दिव्यश्री मान हलवत होती. डावीकडून उजवीकडे, सावकाश, लहान मुलालाही कळेल अशी.

"येतं," क्षितिज म्हणाला.

म्हणून तो आता गाडीखाली होता. छातीवर नवा फिल्टर होता. त्याच्या तळाला काचेसारखी पारदर्शक वाटी, वाटीच्या बुडाला पाणी सोडायची चावी. इंटरनेटवर हे काम एक माणूस शीळ घालत करत होता. क्षितिजने व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला होता की शीळ त्याला पाठ झाली होती. बाकीचं झालं नव्हतं.

खिशातला फोन वाजला. नाशिकहून आई.

"झाली का रे बोलणी?" हेमलताबाईंनी विचारलं.

"अजून नाही."

"मग करतोयस काय?"

"गाडीखाली आहे."

मग हेमलताबाई सावधपणे म्हणाल्या, "गाडी उभी आहे ना?"

"उभी आहे, आई. रिपेअर करतोय."

"त्यासाठी तुला एवढं शिकवलं. बरं, तो गंगेचा गडू दिलास का त्यांना?"

गंगा म्हणजे गोदावरी, नाशिककरांना दुसरी गंगा ठाऊक नसते. तिच्या पाण्याचा झाळून बंद केलेला तांब्याचा गडू हेमलताबाईंनी त्याच्या बॅगेत घातला होता. 'शुभकार्य ठरेल तेव्हा मुलीच्या घरी दे,' असं बजावून. बसवनगुडीतल्या त्याच्या खोलीत तो गडू दोन वर्षं मोज्यांच्या कप्प्यात शुभकार्याची वाट पाहत होता.

"ठरलं की देतो," क्षितिज म्हणाला, आणि तेवढ्यात टाकीकडची नळी सुटून डिझेल थेट त्याच्या कॉलरमध्ये उतरलं. त्याला वास होता. बराच होता.

पहिल्यांदा त्याने फिल्टर उलटा बसवला. आत येणाऱ्या तोंडाला बाहेर जाणारी नळी. गाडी सुरू झाली, शिंकली आणि बंद पडली. "विमान असतं तर?" जयसिंगरावांनी निर्विकारपणे विचारलं. दुसऱ्यांदा त्याने सुलटा बसवला, पण नळीत हवा राहिली. मग फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा पंप अंगठ्याने दाबत तो इतका वेळ बसला की अंगठा त्याचा राहिला नाही. तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली आणि सुरूच राहिली. या गोष्टीचं सर्वांत जास्त आश्चर्य क्षितिजला वाटलं, पण त्याने ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

"सरी," जयसिंगराव म्हणाले. त्यांच्या तोंडी याचा अर्थ 'ठीक' असा होता. "पण पास की नापास ते अक्का सांगणार."

मथुराअक्का म्हणजे जयसिंगरावांची थोरली बहीण. दिव्यश्रीची आई ती लहान असतानाच गेली, तेव्हापासून घर अक्कांच्या शब्दावर चालत होतं. अक्कांनी क्षितिजला केबिनमध्ये नेलं आणि डॅशबोर्डवर बोट ठेवलं. काट्यांच्या बाजूला रुपयाएवढा गणपतीचा गोल स्टिकर होता.

"हा जागृत आहे," अक्का म्हणाल्या. "विघ्न यायचं असलं की उजळतो. पिवळा प्रकाश येतो, प्रभावळीसारखा. मग एकदोन दिवसांत गाडी बंद पडतेच. आजवर एकदाही खोटा ठरला नाही."

"हो का," क्षितिज म्हणाला. लग्नाची बोलणी व्हायची होती. अशा वेळी कोणाच्याही प्रभावळीवर चर्चा करायची नसते.

पुढचे काही आठवडे गाडी एकदाही अडली नाही. क्षितिज ऑफिसात शीळ घालू लागला. मग एका गुरुवारी दिव्यश्रीचा फोन आला.

"गणपती विझलाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"चावी फिरवली की नुसता डोळा उघडतो आणि मिटतो. पूर्वी दर आठवड्याला तरी उजळायचा. तुझा फिल्टर लागल्यापासून एकदा पण नाही. अक्का जेवत नाहीये नीट."

"अगं पण विघ्नच नाही, तर उजळेल कशाला?"

"असं मी पण म्हटलं. अक्का म्हणते, विघ्न नसतं असं कधी होतं का? विघ्न आहेच, याने सांगायचं सोडलंय. पोरगा आला, लोखंड बसवलं आणि देव रुसला."

"पोरगा म्हणजे मी?"

"लोखंड म्हणजे तू नाहीस ना, मग पोरगाच."

क्षितिजची त्या रात्रीची झोप गेली. गाडी बंद पडत असती तर तो नापास झाला असता. गाडी बंद पडत नव्हती म्हणूनही तो नापास होत होता. अशी परीक्षा त्याने यापूर्वी फक्त पीएचडीच्या वेळी दिली होती.

शनिवारी के. आर. पुरमला सुधींद्र नावाच्या गृहस्थांच्या मुलीचं लग्न होतं. हॉलच्या स्वयंपाकघरात गॅसची काही अडचण निघाली, म्हणून सगळं जेवण चामराजपेटेतच शिजवून न्यायचं ठरलं. आचारी पुढे गेले होते. जयसिंगरावांनी क्षितिजलाही बोलावून घेतलं होतं. पेशंट निघाला तर डॉक्टर नको?

"बघा इंजिनियर," गाडीत शेवटचं पातेलं चढवताना ते म्हणाले, "आमच्या घराण्यात जेवण उशिरा पोचलेलं नाही. आज वेळेत पोचलो तर संध्याकाळी बसून बोलू. नाही पोचलो तर तुम्ही आपली विमानंच बघा."

क्षितिजने गाडीखाली वाकून प्रत्येक क्लिप हाताने दाबून पाहिली. गाडीच्या पलीकडच्या बाजूला फक्त अक्कांचे पाय दिसत होते. त्या तांब्या घेऊन गाडीभोवती फिरत होत्या आणि टाकीपाशी बराच वेळ थांबल्या. प्रदक्षिणा असेल, असं त्याला वाटलं. वाटीकडे मात्र त्याने पाहिलं नाही. वाटी नवी होती, तिच्यावर त्याचा विश्वास होता.

केबिनमध्ये जयसिंगराव, अक्का आणि दाराला चिकटून क्षितिज. मागे पातेल्यांमध्ये दिव्यश्री, पायसाच्या झाकणावर दोन्ही हात ठेवून. बिसीबेळे भात, सारू, कोसंबिरी, सगळं तोंडापर्यंत भरलेलं. रिकामं भांडं म्हणून गाडीत उरलं नव्हतं. हे वाक्य पुढे महत्त्वाचं ठरणार आहे, हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं.

गाडी छान चालली होती. अक्का डॅशबोर्डवरची नजर काढत नव्हत्या. क्षितिज अक्कांवरची काढत नव्हता. सुधींद्रांचा फोन आला, "अण्णा, कुठपर्यंत?" जयसिंगराव म्हणाले, "आलोच, हे काय, वळलोच." वळण अजून अर्ध्या शहरापलीकडे होतं.

के. आर. पुरमचा पूल लागला आणि चढावर, अगदी मध्यावर, गणपती उजळला.

पिवळा, स्वच्छ, मागून प्रकाश यावा तसा.

"जयसिंगा," अक्कांचा आवाज भरून आला, "आला बघ. रुसवा गेला त्याचा."

जयसिंगरावांनी स्टिअरिंग सोडून हात जोडले. क्षितिजनेही जोडले. त्याच्या आयुष्यातला तो सर्वांत मनापासून केलेला नमस्कार होता, कारण आता देवाची त्याच्याबद्दल काही तक्रार नव्हती. मग इंजिनाने एक आचका दिला, दुसरा दिला, आणि गाडी पुलावर उभी राहिली. इतक्या समाधानाने बंद पडलेली गाडी त्या पुलाने पाहिली नसेल.

मागून हॉर्नचं एक लांबलचक वाक्य सुरू झालं.

"सांगितलंन आधी," अक्का म्हणाल्या. "उजळला की विघ्न."

"पण मग तुम्हाला आनंद कसला झाला?" क्षितिजने विचारलं.

"सांगितलंन याचा."

सुधींद्रांचा फोन पुन्हा वाजला. जयसिंगरावांनी तो उचलला नाही. त्यांनी क्षितिजकडे पाहिलं. माणूस विमानाकडे पाहतो तसं, म्हणजे निघून जाताना पाहतो तसं.

क्षितिज डॅशबोर्डवर वाकला. प्रकाश स्टिकरच्या कडेने बाहेर येत होता. स्टिकरला स्वतःचा प्रकाश नसतो, एवढं भौतिकशास्त्र त्याला घाबरलेला असतानाही आठवत होतं.

"अण्णा, या गणपतीच्या मागे काय आहे?"

"गणपतीच्या मागे काय असायचं?" अक्का म्हणाल्या. "प्रभावळ."

"नाही म्हणजे, गाडी घेतली तेव्हा," जयसिंगराव जरा आठवून म्हणाले, "तिथं एक पिवळं चित्र मधून मधून पेटायचं. गाळणी आणि थेंब असं कायतरी. चालवताना डोळ्यात यायचं. म्हणून मी त्याच्यावर देव चिकटवला."

क्षितिजने नखाने स्टिकरची कड किंचित उचलली. अक्कांनी त्याच्या हातावर चापट मारली, पण त्याला दिसायचं ते दिसलं होतं. मूळ फिल्टरमध्ये पाणी साठलं की पेटणारा दिवा. वर्षानुवर्षं ही गाडी ओरडून सांगत होती की माझ्यात पाणी आहे, आणि वर्षानुवर्षं हे घर तिला नमस्कार करत होतं. नवा फिल्टर आला, त्याने पाणी आधीच अडवलं, जुन्यापर्यंत थेंब गेला नाही. म्हणून गणपती विझला. मग आज पाणी आलं कुठून?

"पंपवाल्याने," जयसिंगराव म्हणाले. "कालच भरलं. चोर."

"पंपवाला कशाला घालेल," अक्का म्हणाल्या. "मी घालते."

जयसिंगरावांनी मान वळवून बहिणीकडे पाहिलं.

"काय घालतेस?"

"तीर्थ. तलकावेरीचं, कावेरीच्या उगमाचं. हा उजळला की विघ्न येणार हे कळायचं, मग ते टळावं म्हणून टाकीत एक पळी. जास्त उजळला तर दोन." अक्कांनी पदर नीट केला. "आता उजळतच नव्हता. म्हणून आज तांब्याभर."

क्षितिजने डोळे मिटले. दिवा पेटला की पाणी, पाणी घातलं की दिवा. त्याच्या संस्थेत अशा वर्तुळावर परिषदा भरतात आणि दुपारी जेवण असतं.

"अक्का," जयसिंगरावांचा आवाज बारीक झाला होता, "मी त्या पंपवाल्याची कॉलर धरली होती."

"तो माणूस तसाही चांगला नव्हता."

वाहतूक पोलीस खिडकीशी आला. "बेग, बेग," त्याने घाई केली. क्षितिज दार उघडून पुन्हा एकदा इस्त्रीच्या शर्टात गाडीखाली गेला. नव्या फिल्टरची वाटी जवळजवळ काठोकाठ पाण्याने भरली होती आणि जास्तीचं जुन्या फिल्टरमध्ये शिरलं होतं. उपाय सोपा होता. चावी फिरवायची, पाणी सोडायचं, हवा काढायची. त्याने चावीला हात घातला.

"थांबा." अक्कांचा चेहरा गाडीखाली आडवा अवतरला. "सोडणार कुठे?"

"खाली."

"रस्त्यावर? कावेरी? आणि वरून लॉऱ्या जाणार?"

"अक्का, दोन्हीकडचं ट्रॅफिक थांबलंय."

"थांबू दे. भांडं आण गं दिव्ये."

"भांडं कुठलं, अक्का," वरून दिव्यश्री म्हणाली. "सगळी भरलेली आहेत. सारू सांडू का रस्त्यावर?"

"सारू सांडायचा नाही," जयसिंगराव गरजले. "आमच्या घराण्यात सारू सांडलेला नाही."

शेवटी दिव्यश्रीने क्षितिजच्या बॅगेतून त्याची स्टीलची बाटली काढली. संस्थेच्या सुरक्षा सप्ताहात मिळालेली, 'सुरक्षा प्रथम' असं कोरलेली. तिच्यातलं पाणी ती रस्त्यावर ओतू लागली तेव्हा पोलिसाने ते मागून घेतलं आणि प्यायला. ऊन बरंच होतं.

बाटली वाटीखाली धरताना अक्का आणखी वाकल्या आणि वाटीकडे बघतच राहिल्या. पारदर्शक वाटीत खाली पाणी होतं, नितळ. वरच्या टोकाला पिवळट डिझेल. मधे पट्टी लावून आखल्यासारखी रेघ.

"मिसळलं नाही," अक्का पुटपुटल्या. "जयसिंगा, ये, बघ. एवढ्या घाणीत राहिलं, पण बाटलं नाही. वेगळंच्या वेगळं."

जयसिंगराव रस्त्यावर गुडघे टेकून वाकले. पोलीसही वाकला. त्याने टोपी काढली.

"अक्का," क्षितिज म्हणाला, "त्याचं काय आहे, कुठलंही पाणी..."

गाडीबाहेर राहिलेल्या त्याच्या नडगीवर दिव्यश्रीची चप्पल पडली. चपलेत पायही होता आणि त्याच्यावर तिचं सगळं वजन होतं.

"...कुठलंही पाणी असं राहत नाही," क्षितिजने वाक्य पुरं केलं, आणि आपल्या विद्यापीठाची मनातल्या मनात माफी मागितली.

दोन्ही फिल्टरमधलं तीर्थ 'सुरक्षा प्रथम'मध्ये उतरलं. त्याने उरलेला अंगठा पंपावर झिजवला. जयसिंगरावांनी चावी फिरवली. गणपतीने डोळा उघडला, मिटला, आणि गाडी चालू लागली. पोलिसाने पुढची वाहनं बाजूला करून वाट काढून दिली, मंत्र्याला देतात तशी.

हॉलच्या दारात सुधींद्र उभे होते. घामेजलेले, हातात फोन. उशीर झाला होता, चांगलाच झाला होता. जयसिंगराव गाडीतून उतरले ते मान खाली घालूनच.

"अण्णा," सुधींद्रांनी त्यांचे दोन्ही हात धरले, "तुम्ही तरी आलात. नवऱ्या मुलाची बस अजून पुलाच्या पलीकडे अडकली आहे. कुठली तरी गाडी मधोमध बंद पडली म्हणे. मुहूर्त पुढचा काढावा लागला."

जयसिंगरावांनी मान हळूहळू वर आणली.

"लोक गाड्या नीट ठेवत नाहीत," ते म्हणाले. "आमच्या गाडीला जादा फिल्टर आहे."

संध्याकाळी चामराजपेटेतल्या देवघरात 'सुरक्षा प्रथम' पाटावर बसली होती, गळ्यात झेंडूची माळ घालून. समोर उदबत्ती होती. डिझेलच्या वासात ती कुठली आहे ते कळत नव्हतं. क्षितिज नवा शर्ट घालून आला होता आणि हातात आईचा गडू होता, मोज्यांच्या कप्प्यातून काढून चिंचेने घासलेला.

तो बोलला फार कमी. दुपारपासून त्याने मनात एक भाषण जुळवलं होतं, त्यात इंजिनाचं आयुष्य, दिव्याचा अर्थ आणि टाकीत तीर्थ न घालण्याची विनंती असे भाग होते. अक्कांच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने पहिले दोन भाग गाळले. तिसराही गाळणार होता, पण गाडीचा विचार करून तो म्हणाला, "अक्का, टाकीत आता नको ना घालायला? गाडीला त्रास होतो."

"स्वल्प घातलं तर?" अक्का म्हणाल्या, आणि एवढंसं दाखवायला त्यांनी चिमूट पुढे केली. "पळीभर. तुमचा फिल्टर आहे ना धरायला. मग बसवला कशाला?"

क्षितिजने गडू पुढे केला.

"हे काय?"

"आईने दिलंय. नाशिकचं. गोदावरीचं तीर्थ."

अक्कांनी गडू दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि त्या गंभीर झाल्या. त्यांनी जयसिंगरावांकडे पाहिलं. जयसिंगराव उठून खिडकीतून गाडीकडे पाहून आले. भावाबहिणींत कन्नडमध्ये काही हलक्या आवाजात बोलणं झालं. दिव्यश्रीला ते समजत होतं, पण ती जमिनीकडे बघत होती.

"इंजिनियर," शेवटी जयसिंगराव म्हणाले, "गाडीला आणखी एक फिल्टर बसेल का? तिसरा?"

"तिसरा? कशाला, अण्णा?"

"हे नाशिकचं पण घालायला पाहिजे अल्वा? तुमच्या आईंनी एवढं पाठवलंय. पण त्याला वेगळी वाटी पाहिजे."

"वेगळी का? एकाच वाटीत दोन्ही राहतील की."

अक्कांनी त्याच्याकडे, पहिल्यांदाच, घरातल्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं, म्हणजे कीव करून.

"मुलाकडचं पाणी आणि मुलीकडचं पाणी," त्या म्हणाल्या, "लग्नाआधी एकत्र कसं करायचं?"

क्षितिजला 'लग्नाआधी' हा शब्द समजायला जरा वेळ लागला. मग त्याने दिव्यश्रीकडे पाहिलं. ती या वेळी मान हलवत होती, वरखाली.

तो बाहेर गेला आणि गाडीखाली शिरला. टाकी, पहिला फिल्टर, दुसरा फिल्टर, नळ्या, क्लिपा. तिसऱ्याला सुई ठेवण्याइतकीही जागा नव्हती.

"आहे का जागा?" वरून जयसिंगरावांनी विचारलं.

"आहे," क्षितिज म्हणाला.